पंखांत भरलेलं गोड पाणी

फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास. ऐंशी लिटर गोड पाणी, वीस-वीस लिटरच्या चार कॅनमध्ये. हजर माणसं चार: पाणी देणारे करीमभाई, टाक्याचं झाकण उचलणाऱ्या त्यांच्या बायको नसीमभाभी, कॅन धरणारा गजानन, आणि पाणी मागणारा मी.

प्रवासाची हकीकत अशी सुरू करत नाहीत, हे मला कळतं. पण मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासून पोट भरणारा माणूस आहे. ज्या नोंदीत खोट आहे ती आधी दाखवायची, बाकीचं मागून, ही सवय. म्हणून ही नोंद वर आली. ती नोंद माझी आहे आणि खोटही माझीच.

राहायला मी जानेफळला, म्हणजे घाटावर. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोनच भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली मी लग्नांना गेलो, शेगावला दर्शनाला गेलो, खामगावच्या बाजारात गेलो. पण पूर्णा ओलांडून पलीकडे मुक्काम असा कधी केला नव्हता. तो घडला ग्लायडरमुळे.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. विंच नावाच्या यंत्राच्या दोराने ओढून ते वर सोडतात. मग तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेत घारीसारख्या घिरट्या घालून उंची कमवायची आणि ती खर्च करत पुढे जायचं. जमा आणि खर्च. मला ते लगेच पटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुण्याकडच्या एका क्लबात नाव घातलं तेव्हा बायको म्हणाली, "या वयात लोक गुडघे दाखवायला पुण्याला जातात, तुम्ही उडायला चाललात." चार वर्षं सुट्ट्या वाचवून शिकलो, एकट्याने उडवण्याचा परवाना मिळाला. यंदा क्लबने शिबिर आमच्याच जिल्ह्यात, वरवट बकालच्या बाजूला भरवलं. काळी जमीन लवकर तापते आणि उतरायला करीमभाईंचं लांबलचक पडीक रान मिळालं होतं. परवानग्या क्लबने काढलेल्या. शिकायचं होतं ते एकच: पंखांत पाणी भरून उडणं.

सोमवार, घाटाखाली

खामगावकडे उतरताना हवा बदलते. वर सकाळी स्वेटर लागत होतं, खाली दहा वाजता शर्ट पाठीला चिकटला. शेगावला दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि तिसरी बांधून घेतली. पूर्णेच्या पुलापुढे जमीन अशी सपाट की नजर अडवायला फक्त उत्तरेची सातपुड्याची निळी रेघ. हरभरा काढणीला आलेला, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या वाळून करड्या झालेल्या, आणि मधूनच जमिनीवर पांढरट पापुद्रा, कुणी पीठ सांडून गेल्यासारखा. तो मिठाचा. हा सगळा खारपाणपट्टा.

माझा मुक्काम करीमभाईंच्याच घरी होता. पन्नाशीचा उंच माणूस, मोठी शेती, त्यातली अर्धी खारवटलेली. ओसरीत दोन ड्रम होते, एक निळा, एक पांढरा. मी पांढऱ्या ड्रममधून तांब्या भरला, पाय धुतले, दोन गुळण्या केल्या, तिसरा तांब्या घ्यायला वाकलो तर आतून नसीमभाभींचा आवाज आला.

"अहो भाऊ, भाऊ! ते गोडं व्हय!"

करीमभाई हसायला लागले. "राहू दे ना. घाटावरचे हायेत ते. त्यायच्या इथं विहिरीत साखर टाकते देव."

इथल्या विहिरी आणि बोअर खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही. नळाचं गोड पाणी येतं ते पाळी लागेल तेव्हा, आणि गावातलं फिल्टरचं यंत्र त्या दिवसांत बंद पडलेलं होतं. करीमभाईंनी पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी नळीने आणून ओसरीखाली सिमेंटच्या टाक्यात साठवलं होतं. त्या टाक्याच्या लोखंडी झाकणाला कुलूप. आमच्याकडे कुलूप कपाटाला असतं.

संध्याकाळी भाजलेला ओला हरभरा पुढ्यात ओतून करीमभाई बोलत बसले. मुंबईहून येणारे, पुण्याहून येणारे, कोण कसं वागतं याच्या गमती सांगत होते. मग म्हणाले, "इकडे पाव्हण्यानं पाणी मांगलं का नाई म्हणता येत नाई, भाऊ. म्हून मांगत नाई कोनी. उधार पैसे मांगतीन, बैल मांगतीन, पाणी नाई मांगत. समोरचा देते तेवढं प्यायचं."

मी मान डोलावली. ऐकलं म्हणजे कळलं असं नाही.

मंगळवार, बुधवार

आमच्या प्रशिक्षक वैद्य मॅडम. वयाने माझ्याहून लहान, बोलणं तोडून. मैदानाच्या कडेला झाडाखाली त्यांनी आम्हा पाच शिकाऊ लोकांना उभं केलं.

"पाणी भरलं की ग्लायडर जड होतं. जड झालं की तेवढ्याच उतरणीत जास्त वेगाने जातं. दुपारी हवा जोरात वर चढत असते तेव्हा हा वेग फायद्याचा. पण उतरताना हाच वेग नको असतो. म्हणून पाणी वर न्यायचं ते वरच सोडून यायचं. पंख रिकामे झाल्याशिवाय उतरायच्या फेरीत शिरायचं नाही. वानखडे, काय म्हणाले मी?"

"पंख रिकामे झाल्याशिवाय फेरीत शिरायचं नाही."

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. बाकीचे हसले.

दोन्ही पंखांत पाणी सारखं हवं. भरून झालं की ग्लायडर चाकावर तोलून धरायचं, ज्या बाजूला कलेल तिकडे जास्त. आमच्या बाजार समितीतल्या तराजूची आठवण झाली. पाणी खारं चालत नाही, मीठ व्हॉल्व्ह खातं आणि बारीक नळ्यांत धरतं. म्हणून क्लबने गोड पाण्याचा टँकर ठरवला होता. भरणं, व्हॉल्व्हला ग्रीस लावणं, विंचचा दोर सांभाळणं ही कामं गजाननकडे. तो गावातलाच, चाळिशीचा, पूर्वी पंपाच्या जळालेल्या मोटारी गुंडाळायचा. क्लबची निळी टोपी तो भारी ऐटीत घालायचा. मंगळवारी एका व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळत होतं, तेव्हा मॅडम त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गजानन, हे परत झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." तो म्हणाला, "परत नाई होणार, मॅडम." आणि त्याने दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह खोलून पुन्हा बसवले.

दोन दिवस मी मॅडमबरोबर दोन आसनांच्या ग्लायडरमध्ये उडालो. वर गेल्यावर पाण्याचा भार हाताला कळतो. नाक जरासं खाली केलं की भरल्या बैलगाडीला उतार लागावा तसं ग्लायडर पळतं. परत येताना व्हॉल्व्ह उघडणारी मूठ ओढायची, दोन्ही पंखांमागून पांढऱ्या धारा सुटतात, त्यांचा धूर होतो आणि दिसेनासा होतो. मला ते फार सुंदर वाटलं. खोटं कशाला बोलू.

बुधवारी जेवायला वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, दालचा. नसीमभाभी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, ते वरून पांढरं पांढरं काय सुटते तुमच्या इमानातून?"

"पाणी," मी म्हणालो. मला विचारलं याचाच आनंद.

"कोनतं पाणी?"

"गोड. टँकरचं."

त्यांचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला. "मंग ते खाली येते का कुठी? वावरात पडते का?"

"नाही भाभी, एवढ्या उंचीवरून हवेतच विरून जातं."

"मंग कोनाले भेटते ते?"

मी वेगाचं गणित समजावून सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या, पण करीमभाईंनी मधेच विषय काढला. रविवारी त्यांच्या थोरल्या मुलीची मंगनी होती. जळगाव जामोदहून पन्नासेक पाहुणे यायचे होते. कुठे बसवायचं, मंडप कुणाचा, मटण किती. मीही त्यात दोन सूचना केल्या.

गुरुवार

सकाळी टँकर आला नाही. कुठेतरी पाइप फुटला होता, टँकर आधी गावांना लागणार होते, आणि ते बरोबरच होतं. मॅडमचा निरोप आला: आज सगळे पंख कोरे ठेवून उडतील.

माझी रजा शनिवारपर्यंत होती. पाण्यासह एकट्याने एक उड्डाण झालं की मला तशी परवानगी मिळणार होती, नाहीतर पुढचा हिवाळा. मी ओसरीत बसून टाक्याकडे पाहत होतो. आदल्या दिवशी त्याची लांबी-रुंदी सहज डोळ्याने मोजली होती. घरात माणसं पाच, पिण्या-स्वयंपाकाला रोज इतकं, पाऊस यायला इतके महिने. माझ्या हिशेबाने ऐंशी लिटर म्हणजे त्यात काहीच नव्हतं. करीमभाईंना मी तसं आकड्यांत मांडून दाखवलं आणि म्हणालो, "टँकर आला की लगेच परत भरतो."

रविवारचे पन्नास पाहुणे मी हिशेबात धरलेच नव्हते. आदल्या रात्री त्यांना बसवायच्या जागा सुचवल्या होत्या, पण त्यांना पाणी लागेल हे काही डोक्यात आलं नाही.

नसीमभाभींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग कमरेची किल्ली काढली आणि कुलूप स्वतः उघडलं. तेवढ्यात ग्रीसचा डबा घ्यायला आलेला गजानन दारात उभा होता. त्याने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, हे पाणी काऊन मांगता? शेगावाहून जार आणू ना. जाऊन-येऊन दीड घंटा."

"दुपारची हवा निघून जाईल," मी म्हणालो.

"हवा उद्या बी येते," तो म्हणाला आणि कॅन धरले.

मैदानावर मॅडमनी विचारलं, "पाणी कुठून आलं?" मी म्हणालो, "सोय झाली." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तोल तपासला, चाळीस-चाळीस लिटर, पंख सरळ.

उड्डाण चांगलं झालं. इतकं चांगलं की त्याबद्दल लिहायला लाज वाटते. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेलो, डोंगराच्या घड्यांत पानगळीचं तांबूस जंगल, अलीकडे गव्हाचे हिरवे चौकोन, पूर्णेकडे जमीन पांढरी पडत गेलेली. एक घार माझ्याच घिरटीत होती आणि तिने माझी दखलही घेतली नाही. मग परत फिरलो. गावावरून येताना खाली सार्वजनिक नळापाशी रंगीत ठिपक्यांची एक रांग दिसली. लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या घागरी. रांग रस्ता ओलांडून वळली होती.

माझा हात मुठीवर होता. ओढायची वेळ झाली होती. "कोनाले भेटते ते?" हे मला तेव्हा ऐकू आलं, आदल्या रात्री आलं नव्हतं. खालच्या बायका वर बघत असणार. अंगणात नसीमभाभी असणार. त्यांच्या टाक्यातलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत मी हवेत सोडणार होतो.

मी मूठ ओढली नाही. ऐंशी लिटर परत नेऊन टाक्यात ओतायचे, असं ठरवलं. शरम वाटली हे ठीक. पण तिच्यापोटी मी पाठ केलेला एकुलता एक नियम मोडला आणि वर त्याला गणिताचा आधार दिला: जड ग्लायडर, उतरण्याचा वेग थोडा जास्त, धाव थोडी लांब, मैदान पुरेल.

रेडिओवर मॅडमचा आवाज आला. "वानखडे, पाणी?"

"सुटलं," मी म्हणालो.

गणित चुकलं नव्हतं, हात चुकला. वेग जास्त ठेवायचा म्हणून मी तो फारच जास्त ठेवला. ग्लायडर जमिनीवर टेकेचना, अर्धं मैदान तसंच पायाखालून निघून गेलं. टेकलं तेव्हा थांबेना. समोर बाभळीचं कुंपण आणि त्याच्या अलीकडे मोटारसायकलपाशी उभे करीमभाई. माझं उड्डाण पाहायला आणि रिकामे कॅन न्यायला आले होते. मी एक पंख जमिनीला लावून ग्लायडर वळवलं. ते जागेवर गर्रकन फिरलं, खालून काहीतरी कडाडलं आणि ग्लायडर धुरळ्यात थांबलं. धुरळा बसला तेव्हा मोटारसायकल आडवी होती आणि करीमभाई कुंपणात. उठले. दोन्ही तळहातांत काटे, एक हात मनगटापर्यंत फाटलेला.

"काई नाई, काई नाई," ते मलाच म्हणत होते. "तुमाले लागलं का?"

मॅडम धावत आल्या. आधी मला पाहिलं, मग करीमभाईंचा हात, मग पंख हाताने दाबून पाहिला.

"यात पाणी आहे."

त्या माझ्याकडे वळल्या.

"सुटलं म्हणालात तुम्ही."

"मूठ ओढली होती," मी म्हणालो. "व्हॉल्व्ह अडकला असेल."

हे वाक्य मी आखलं नव्हतं. तोंडातून आलं. पण आल्यावर परतही घेतलं नाही.

मॅडम मागे वळल्या. गजानन दोर टाकून तिथवर पोचला होता. "मंगळवारी काय सांगितलं होतं मी?" एवढंच त्या म्हणाल्या. गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं. त्याने डोक्यावरची निळी टोपी काढली, पंखावर ठेवली आणि पऱ्हाट्यांमधून गावाकडे चालू लागला. सगळे शिकाऊ उभे होते. मला हाक मारता आली असती. तो काही फार लांब गेला नव्हता.

मग मॅडमनी आत वाकून मूठ ओढली. दोन्ही पंखांखालून दोन जाड धारा सुटल्या. करीमभाईंनी फाटक्या हाताने एक कॅन ओढून धारेखाली धरला, जमिनीत जाऊ नये म्हणून. ते पाहून बाकीच्यांनी दुसरे कॅन लावले.

"व्हॉल्व्ह चालतोय, वानखडे."

तेव्हा मी सांगितलं. टाक्याचं, घागरींचं, रेडिओवरचं, सगळं.

"पाणी ठेवून उतरलात हा मूर्खपणा," मॅडम म्हणाल्या. "तो शिकवता येतो. पण मला खोटं सांगितलंत तर मी दुसऱ्याला काय शिकवू? उद्या मी चांगला व्हॉल्व्ह खोलत बसेन आणि नादुरुस्त माणूस वर पाठवेन. आणि गजाननला जाऊ का दिलंत?"

मी कॅनची झाकणं लावायला लागलो.

करीमभाईंना डॉक्टरकडे नेलं. पैसे द्यायला मी पाकीट काढेपर्यंत त्यांनी डाव्या हाताने स्वतः दिले होते. मग चारही कॅन घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अजूनही मला वाटत होतं की निदान हे तरी परत देतो आहे. नसीमभाभींनी एका कॅनचं झाकण काढलं, वास घेतला. पाण्याला रंगाचा, ग्रीसचा वास होता. पंखाच्या पोटातून आलेलं पाणी पिण्याचं राहत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भांड्याले चालन," त्या म्हणाल्या आणि कॅन बाजूला ठेवले. मग नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमाले वापस कोनं मांगलं होतं? पाणी देल्लं ते देल्लं. देलेलं पाणी कोनी वापस आणते का? त्याच्यासाठी माझ्या घरचा माणूस मारत होते तुमी?"

"भाभी, मला वाईट वाटलं म्हणून..."

"तुमाले वाईट वाटलं तं तुमी वाईट वाटून घ्याचं होतं. आमच्या अंगावर काऊन आणलं?"

करीमभाई म्हणाले, "बस झालं आता. पाव्हणे हायेत."

"पाव्हणे हायेत म्हूनच एवढ्यावर हाओ," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. गोड पाण्याचाच होता. तो मी कसा प्यायलो ते मलाच ठाऊक.

गजाननचं घर मंदिरामागे. तो अंगणात बाजेवर बसून होता. मला पाहून उठला नाही.

"या, इमानवाले. काय बाकी राह्यलं?"

मी म्हणालो, "मॅडमना सगळं खरं सांगितलं. चूक माझी होती. माफ कर."

"अरे वा. इथं माफ कर? म्हशीसमोर?" त्याने गोठ्याकडे हात केला. म्हैस खरंच आमच्याकडे बघत होती. "टोपी मी मैदानात काढली भाऊ, पाच जणांच्या समोर. माफी तिथं मांगा. इथं मांगून माह्या म्हशीले काय फरक पडते?"

"उद्या सकाळी मागतो."

"अन् मी सकाळीच बोललो होतो, जार आणू म्हणून."

"हो."

"हाव म्हणा. आता घाटाखाली हा तुमी," तो म्हणाला. पण हसला नाही.

शुक्रवार, शनिवार

शुक्रवारी सकाळी झाडाखाली सगळे जमले तेव्हा मी पुढे झालो. चार वर्षं ज्यांच्यात ज्येष्ठ म्हणून वावरलो, ज्यांच्या वजनाच्या बेरजा तपासून दिल्या, त्यातली दोन मुलं माझ्या मुलीच्या वयाची. मी म्हणालो की व्हॉल्व्ह चांगला होता, मूठ मी ओढली नाही, रेडिओवर खोटं बोललो, आणि आळ आला तेव्हा गजाननवर येऊ दिला. मॅडम गजाननला म्हणाल्या, "माझीही चूक झाली. आधी मूठ ओढून बघायला हवी होती." आणि टोपी त्याच्या हातात दिली. त्याने ती झटकली, डोक्यावर घातली आणि विंचकडे गेला.

मला एक वर्ष पाण्यासह उडायची मनाई झाली. ती मॅडमनी सौम्य लावली असं मला वाटतं. दोन दिवस मी उड्डाण सुटताना दुसऱ्यांच्या पंखांची टोकं धरून पळालो. टँकर शुक्रवारी दुपारी आला. दुसऱ्यांनी सोडलेल्या धारा मी खालून पाहिल्या. नियम बरोबरच आहे, पाणी वरच सोडायला हवं. पण खालून त्या धारा सुंदर दिसत नाहीत.

शनिवारी मी शेगावहून पिण्याच्या पाण्याचे जार टेम्पोत घालून आणले. दारात उतरवायचे की नाही, विचारत उभा राहिलो. नसीमभाभी म्हणाल्या, "बदल्यात आणले असन तं वापस न्या. मंगनीत हातभार म्हून आणले असन तं मांडवात ठेवा." मी मांडवात ठेवले. रविवारी थांबायचा करीमभाईंनी फार आग्रह केला. मी थांबलो नाही. पन्नास पाहुण्यांना हे आमचे पाव्हणे, इमान चालवतात, अशी ओळख त्यांनी करून दिली असती, आणि ती ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

निघताना रक्कम चुकती केली ती अशी. ग्लायडरच्या चाकाची खोबण आणि पंखाचं टोक दुरुस्त करायला एकोणीस हजार रुपये, क्लबला. मोटारसायकलचा आरसा आणि ब्रेकची दांडी, नऊशे, गावातल्या मेकॅनिकला, करीमभाईंना न विचारता. करीमभाईंच्या घरी काही नाही. त्यांनी घेतलं नाही, आणि दुसऱ्यांदा पुढे करायची माझी हिंमत झाली नाही. गुरुवारची अर्ध्या दिवसाची मजुरी साडेतीनशे रुपये, गजाननला. ते त्याने दोनदा मोजून घेतले.